पाच पावलं जास्तीची

९ ऑगस्ट १९९३

सेल्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकून दिलं असशील तर माझं एक तिकीट वाया गेलं, बाकी काही नाही. फोडलं असशील तर बस आणि वाच. फोन केला असता, पण फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे आणि त्यांना हल्ली नको तेवढंच ऐकू येतं.

पत्ता तमातीने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. दोन आठवडे रोज त्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहत होते, शेवटी त्यानेच हात टेकले. म्हणाला, "बहिणीने भावाला पत्र लिहायला शेजाऱ्याची परवानगी कशाला लागते गं? घे, आणि मला दूध काढू दे."

तर बातमी अशी की गवत यंदा माझ्या हातात आहे, आणि उत्तम चाललंय. एकशेसाठपैकी एकसष्ट गाई व्याल्या, एकही दगावली नाही. रोज पहाटे आणि दुपारी दूध मी काढते, वासरांना मी पाजते, आणि दर सोमवारी गवत मोजायची थाळी घेऊन कुरणाचे बेचाळीसच्या बेचाळीस तुकडे मी चालते. गेल्या सोमवारी गारांत चालले. ती थाळी गवतावर टेकवायची, दांड्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढे चालायचं. तू शीळ घालत करायचास, मी शिव्या घालत करते. आकडे तेवढेच चांगले येतात.

फळाही मीच लिहिते. दूध काढायच्या गोठ्यात, तुझ्याच जागी. सात आठवड्यांचा फेरा. पहिला तुकडा तीन ऑगस्टला, शेवटचा वीस सप्टेंबरला, त्याआधी एक दिवसही नाही. रोज आडवी तार तीस पावलं पुढे, तेवढाच पट्टा गाईंना. तीसची एकतीस नाही. वीस सप्टेंबरनंतर हिवाळा सरून जादूचा दिवस उजाडेल, गाई जेवढं खातील तेवढं गवत दिवसाकाठी उगवायला लागेल, मग पुढे चिंता नाही. तोवर मात्र पोट आवळून राहायचं, गाईंनी आणि आम्हीपण.

बाबा एकोणऐंशीचे झाले. कमरेचं दुखणं आहेच, चारचाकी बाइकवरून फिरतात आणि मी कुठे चुकते ते बघतात. अजून सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी झालं ते झालं. तुझं मोजमाप चुकलं, माणूस आहे, चुकतो. मार्चमध्ये बेचाळीस गाई गाभण नाहीत म्हणून ट्रकमध्ये चढवाव्या लागल्या. ते बघायला तू इथे नव्हतास हे एका परीने बरंच झालं. मी कोणाला दोष देत नाहीये. साडेदहा महिने झाले, एवढंच म्हणायचं होतं.

तिकडे लोखंडाच्या खाणीत गवताचं पातं तरी दिसतं का रे?

नोलीन


३० ऑगस्ट

सेल्विन,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी उत्तरासाठी लिहितच नाहीये. बाबांशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं, आणि कुत्र्याला गवतात रस नाही, म्हणून तुला लिहिते.

नऊ दिवस पाऊस लागून राहिलाय. दक्षिणेकडून वारा आला की डोंगर दिसत नाही, कुंपण दिसत नाही, आपलेच गमबूट दिसत नाहीत. फाटकांपाशी गुडघाभर चिखल. तरी आराखडा तसूभर हललेला नाही. आज अठ्ठाविसावा दिवस, चोविसावा तुकडा संपला. बरोबर ठरल्याप्रमाणे. काल तमाती फाटकावर रेलून आमचं गवत बघत राहिला.

म्हणाला, "नोलीन, माझं तर फक्त आठ दिवसांचं उरलंय. तुझ्याकडे एवढं कुठून आलं?"

"मोजून दिलं तर उरतं," मी म्हटलं.

"मागल्या वर्षीही मोजूनच दिलं होतं ना?"

मी म्हटलं, "तुझा कुत्रा माझ्या कालवडींच्या मागे लागलाय, आधी त्याला बोलाव."

एक गोष्ट मात्र केलीय. संध्याकाळची तार सरकवायचं काम मी तमातीच्या पोरीकडे दिलंय. हुनियाकडे, ती थोरली. दुपारच्या दुधानंतर गाईंना नव्या पट्ट्यात सोडणं, तार लावणं, सगळं ती करते. मी तिकडे जातच नाही. त्या वेळी मी दूधघर धुते, पाण्याचा पाइप पूर्ण सोडून, शिवाय रेडिओ लावून. बाबा विचारतात, आपण बहिरे असताना हिला रेडिओ एवढा मोठा कशाला लागतो.

गाई हंबरतात रे. तुला आठवत असेल. अर्ध्या तासात पट्टा साफ करतात आणि मग तारेला छाती लावून उभ्या राहतात, पलीकडचं हिरवं बघत. एकीने सुरुवात केली की एकशेसाठ जणी सुरू होतात. हुनिया म्हणते, "काकी, त्या माझ्या तोंडाकडे बघून ओरडतात." मी म्हटलं, "तू त्यांच्याकडे बघू नकोस. तीस मोज, खुंट्या ठोक, आणि मागे न बघता ये." पोरगी ऐकते. खंबीर आहे.

मीही खंबीरच आहे, पण कामं वाटून घेतलेली बरी.

नोलीन


२१ सप्टेंबर

सेल्विन,

काल वीस तारीख होती. काल संध्याकाळी शेवटच्या तुकड्याचा शेवटचा पट्टा संपला. आणि आज सकाळी गाई पुन्हा पहिल्या तुकड्यात गेल्या तेव्हा तिथे गवत नडगीपर्यंत होतं आणि रायगवताला तिसरं पान पूर्ण आलेलं होतं. पूर्ण, सेल्विन! मी गुडघ्यावर बसून मोजलं. एक, दोन, तीन. तीन पानांवर चरलं की गवत थकत नाही, हे तू मला दहा हजार वेळा सांगितलं असशील आणि दहा हजार वेळा मी जांभई दिली असेल. आपल्या अख्ख्या रस्त्यावरच्या एकाही शेतात एवढं गवत नाही.

बाबा बाइकवरून आले. इंजीन बंद केलं. त्यांनी इंजीन बंद केलं म्हणजे बघ. काठीने गवत बाजूला करून बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या बापानंतर असं गवत मी पहिल्यांदा बघतोय. सेल्विनच्या हातात हे आधी द्यायलाच नको होतं."

सकाळची गोष्ट. आता दुपार आहे. मधल्या वेळात मी दूधघर दोनदा धुतलं.

ऐक आता. यंदाचा आराखडा माझा नाही. मी काहीही आखलेलं नाही. तू गेलास तेव्हा तुझी वही कपाटाच्या वरच्या फळीवर राहिली होती. तीतलं गेल्या वर्षीचं पान मी जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं. बेचाळीस तुकडे, त्याच क्रमाने. एकोणपन्नास दिवस. तीस पावलं. गाईंची संख्यासुद्धा तेवढीच, भाकड गेल्या त्यांच्या जागी कालवडी आल्या. एक आकडा मी बदललेला नाही. आणि तो आराखडा काल दिवसाचाही फरक न पडता बरोबर निघाला.

मग गेल्या वर्षी तोच आराखडा बेचाळिसाव्या दिवशी का कोसळला? सात आठवड्यांचं गवत सहा आठवड्यांत का संपलं? पहिल्या तुकड्यात परत गेलो तेव्हा दीडच पान का होतं? ऊन यंदाइतकंच होतं, पाऊस यंदाइतकाच. यंदा सगळं तेच आहे, फक्त संध्याकाळी तारेपाशी मी नाही.

तू तीसवर तार लावून वासरांकडे जायचास. गाई मी मागून आणायचे. त्या हंबरायच्या, आणि मी खुंट्या उपटून तार पुढे सरकवायचे. पाच पावलं. रोज पाच. मला वाटायचं पाच पावलांनी काय होतंय, बिचाऱ्या नुकत्या व्यालेल्या, अंगावर दूध, पोटात भूक. रोज सकाळी तू त्या तारेपासून पुढची तीस मोजायचास. असं सहा आठवडे चाललं. दयेपोटी मी त्यांच्या पुढच्या महिन्याचं गवत त्यांनाच खाऊ घातलं, आणि मग त्या खरोखर उपाशी राहिल्या, हाडं दिसायला लागली, वळूसमोर उभ्या राहिनात. त्या बेचाळीस गाई मी ट्रकमध्ये चढवल्या. तू नाहीस.

आणि त्या रविवारी जेवताना बाबा म्हणाले की तुला थाळी धरता येत नाही, तुला आकडे कळत नाहीत, उद्यापासून गवताला हात लावायचा नाही. तू उठून गेलास. मी काही बोलले नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय. आता तुला काय करायचं ते कर.

नोलीन


५ ऑक्टोबर

सेल्विन,

तुझं पत्र आलं. एक वर्ष एक अक्षर नाही, आणि आता नऊ ओळी. इतक्या वेळा वाचल्यात की पाठ झाल्यात. त्यातल्या काही तुला परत लिहून पाठवतेय, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुझं तुलाच कळेल:

"तार हलते हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सकाळी दवात जुन्या खुंट्यांची भोकं मागे दिसायची. बोललो नाही, कारण मलाही त्यांचं हंबरणं ऐकवत नव्हतं, आणि तू सरकवतेस तर माझ्या हाताला पाप नाही असं वाटायचं. त्या रविवारी बाबा बोलत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो. तू बटाटे वाढत होतीस."

शाबास! म्हणजे तुला माहीत होतं! सहा आठवडे माहीत होतं! गवताचा मालक तू, फळा तुझा, वही तुझी, आणि तू दवातली भोकं बघून शीळ घालत पुढे गेलास? एका संध्याकाळी येऊन माझ्या हातातून तार हिसकावून घ्यायची होतीस. मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस अबोला धरला असता, आणि गाई वाचल्या असत्या. वर्षभर मी एकटीच हे उरावर घेऊन बसलेय, आणि तिकडे साहेबांना सगळं ठाऊक!

हे सगळं मी तुला पत्र हातात घेऊन मोठ्याने बोलले. परसात, कपडे वाळत घालताना. कोंबड्या पळाल्या.

मग तुझी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

बरोबर आहे. मी बटाटेच वाढत होते. मटण कापून झालं होतं, रताळी झाली होती, बाबांचा आवाज चढत होता, आणि मी चमचा घेऊन तुझ्या ताटात बटाटे वाढत राहिले, एक, दोन, तीन, जसं काही तुला भूक लागली होती. तू माझ्याकडे बघतोयस हे मला दिसत होतं. म्हणूनच मी वर बघितलं नाही.

मूर्खपणा दोघांचा, हे मी सोडणार नाही. पण मी राहिले आणि तू गेलास. माझ्या नावाने बाबा रस्त्याभर फुशारकी मारतात आणि तुझं नाव घराबाहेर आहे.

वीस तारखेला शेतकरी गटाची फेरी आहे, यंदा आपल्याकडे. रस्त्यावरचे सगळे येणार, गमबूट घालून कुरण चालणार, फाटकावर रेलून मतं देणार, माझे स्कोन खाणार. तमाती पुढे असतोच. बाबांनी त्यासाठी नवी टोपी आणलीय. त्यांच्या मुलीचं गवत बघायला येणार म्हणे सगळे.

बघू त्यांना काय बघायला मिळतं ते.

नोलीन


२१ ऑक्टोबर

सेल्विन,

काल फेरी झाली. सांगते.

बावीस जण आले. वारा होता पण ऊन होतं, डोंगर पार पायथ्यापर्यंत मोकळा. सतराव्या तुकड्यापाशी सगळे थांबले, कारण तिथे क्लोव्हरचा चारा आता जोरात आलाय आणि तिथेच वाद सुरू झाला. गाईंना उन्हाळ्यात घालायच्या शलगमासाठी कुठला तुकडा नांगरायचा? मी म्हणत होते तेवीस, पलीकडचा हॅगर्टी म्हणत होता एकतीस. "अगं, एकतीसमध्ये नुसते लव्हाळे आहेत, नांगरलंस की दोन कामं एका फटक्यात होतील." मी म्हटलं, "हॅगर्टी, तुझ्याकडे अख्खं कुरण लव्हाळ्यांचं आहे, तू नांगरलंस का?" सगळे हसले. मजेत चाललं होतं. मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की आज राहू दे, पुढच्या महिन्यात सांगू.

तेवढ्यात तमाती फाटकावर चढला आणि म्हणाला, "असं गवत या रस्त्यावर बरीच वर्षं कोणी बघितलं नाही. सेल्विनला जमलं नव्हतं ते नोलीनने करून दाखवलं, हे आपण म्हणायला पाहिजे."

टाळ्या पडल्या. बाबांनी टोपी काढली.

मी म्हटलं, "हे सेल्विनचंच आहे. सगळे आकडे त्याचे आहेत, गेल्या वर्षीचेच. ही बघा वही." वही मी एप्रनमध्ये घालून नेली होती. "गेल्या वर्षी त्याचं काहीही चुकलं नव्हतं. संध्याकाळी तार मी सरकवत होते. गाई ओरडायच्या, मला ऐकवायचं नाही. त्याला दोष लागला आणि मी गप्प बसले."

टाळ्या थांबल्या. बावीस माणसं आपापले गमबूट बघायला लागली. तमाती हळूच फाटकावरून खाली उतरला.

बाबांनी विचारलं, "किती?"

"पाच पावलं."

"रोज?"

"रोज. सहा आठवडे."

ते बाइकवरून उतरले. काठी टेकवत गवतात गेले, सगळ्यांच्या देखत, आणि पाच पावलं चालले. त्या कमरेने ती पाच पावलं टाकायला त्यांना किती वेळ लागला ते तुला कळेल. मग वळून त्यांनी निघाल्या जागेकडे बघितलं.

"एवढ्यासाठी," ते म्हणाले. "एवढ्यासाठी मी माझा मुलगा घालवला."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीपण ओरडले असते. ते परत येऊन बाइकवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नोलीन, आजपासून तू गवताला हात लावायचा नाहीस. थाळी माझ्याकडे दे."

मी दिली. लोकांसमोर, वहीसकट.

हॅगर्टी घसा खाकरून म्हणाला, "आमच्याकडे माझी बायको सरकवते." कोणी हसलं नाही. मग तमाती म्हणाला, "अरे, आमच्याकडे मीच सरकवतो," आणि एकेक जण मान हलवायला लागला. स्कोन सगळे संपले. पण बाबा चहाला थांबले नाहीत.

तर तुझं नाव आता स्वच्छ आहे. बावीस जणांसमोर आणि बाबांसमोर. आणि गवताचं काम माझ्याकडून गेलं, ऐन ऑक्टोबरात, आयुष्यात पहिल्यांदा हातात सगळं बरोबर आलेलं असताना. वाईट वाटलं का विचारशील तर हो, खूप वाटलं, दूध काढताना रडले, गाईंना काही फरक पडला नाही. पण आज सकाळी रेडिओ न लावता दूधघर धुतलं.

नोलीन


९ नोव्हेंबर

सेल्विन,

गवत आता वेड्यासारखं वाढतंय. नोव्हेंबरच तो. जादूचा दिवस मागे पडून दीड महिना झाला, गाई खातील त्याच्या दीडपट रोज उगवतंय, आणि आठ-दहा तुकडे मुरघासासाठी ताबडतोब बंद करायला हवेत. नाही केले तर सगळं गवत तुऱ्यावर येईल, काड्या होतील, आणि जानेवारीच्या उन्हाळ्यात गाई त्या काड्यांकडे बघून तोंड फिरवतील. शलगमाचं बीही अजून पोत्यातच आहे. हे मला दिसतंय, रस्त्यावरून जाणाऱ्या टपालवाल्यालासुद्धा दिसतंय.

गवत बाबांकडे आहे. ते बाइकवरून बघतात. बाइकवरून सगळं गवत सारखंच दिसतं. खाली उतरून थाळी टेकवायला कंबर नाही. कुठलेही तुकडे बंद केलेले नाहीत, कारण गेल्या वर्षीची टंचाई त्यांच्या डोक्यात बसलीय. त्यांना वाटतं, असू दे, लागेल.

शुक्रवारी सकाळी ते म्हणाले, गाई सतरामध्ये सोड. सतरामध्ये क्लोव्हर मांडीला लागतंय, वरून दव, आणि गाई रात्रभराच्या उपाशी. मी म्हटलं, "बाबा, आज सतरा नको. पोटं फुगतील. आधी वाळलेला चारा घालू दे, मग दुपारी सोडू."

"तुला विचारलं?"

"नाही विचारलं. तरी सांगतेय."

"सोड म्हणालो ना."

मी सोडल्या नाहीत. ते स्वतः बाइकवरून गेले आणि त्यांनी फाटक उघडलं. तासाभरात नऊ गाई डाव्या कुशीत ढोलासारख्या फुगल्या. मी, तमाती आणि हुनिया धावलो, नरड्यात तेल ओतत, चालवत, ओरडत. आठ उठल्या. एक नाही उठली, पहिलटकर होती, चांगल्या आईची.

बाबा फाटकाशी बसून होते. मी काही म्हटलं नाही. सांगायचं ते सकाळी सांगून झालं होतं, आणि यंदा वेळेवर सांगितलं होतं, त्यामुळे मला आता गप्प बसता आलं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "माझ्याच्याने होत नाही आता." मग म्हणाले, "तुलाही परत देणार नाही." मग बराच वेळ ताटातलं चिवडत राहिले आणि म्हणाले, "त्याला लिही."

मी म्हटलं, "मी ऑगस्टपासून लिहितेय. हाकललंत तुम्ही, तुम्ही लिहा."

तीन दिवस लिहिण्याचं पॅड मांडीवर घेऊन बसले होते. एक अख्खं पॅड फाडलं. आज सकाळी म्हणाले, तुझ्या पत्राच्या खाली जागा ठेव. ठेवतेय.

माझ्या बाजूने सांगते. तू आलास तर गवत तुझं. मी दूध काढीन आणि वाद घालीन. आणि तुझी तार हलवीन असं वाटलं तर आधी तुला येऊन सांगीन, मग आपण दोघं तिथेच भांडू. तुझी आठवण येते. मला नाही वाटत तुला तिथे कोणी नीट शिव्या देत असेल.

नोलीन

*सेल्विन. तुझं मोजमाप बरोबर होतं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. गवत डोक्यावरून चाललंय. घरी ये. — बाबा*


(गाडीच्या वायपरखाली, तिकीट नाही) २४ नोव्हेंबर, सकाळी सव्वापाच

सेल्विन,

फाटकाशी गाडी दिसली, आत तू झोपलेला दिसलास, तोंड उघडं. उठवलं नाही. दोन दिवसांचा प्रवास आणि वरून फेरीबोट, झोप. घराचं दार उघडं आहे, कधी नव्हतं? मी दूध काढायला चाललेय.

ओव्हनमध्ये मटण आहे, काल रात्रीचं, गरम करून खा. बाबा सहाला उठतात. त्यांना मी सांगितलेलं नाही, त्यांच्यासमोर तूच जाऊन उभा राहा. कमी ऐकू येतं, पण तुझा आवाज येईल.

गवत बघायला लगेच पळू नकोस. मला माहीत आहे तुझे पाय शिवशिवत असतील. आधी घरात ये.

त्या रविवारी मी तुझ्याकडे बघायला हवं होतं आणि बोलायला हवं होतं. मी घाबरले असं तुला वाटलं असेल. मला बाबांची भीती नव्हती, गवत माझ्याकडे येईल आणि बाबा मला शहाणी म्हणतील या लोभाने मी गप्प बसले, ही खरी गोष्ट आहे आणि ती मी गटासमोरसुद्धा सांगितली नाही. तुझ्याशिवाय कोणाला सांगणारही नाही. माफ कर.

हे लिहून ठेवतेय म्हणजे तोंडाने म्हणायचं टाळतेय असं समजू नकोस. गाई बाहेर काढून आठ वाजता येते आणि तुझ्यासमोर बसून म्हणते.

नोलीन